खिडकीतला खादाड

मी खादाड बोलतोय. हे नाव मी मागून घेतलेलं नाही, ते मला चिकटवलं गेलं. महिन्याला एखादी माशी मला पुरून उरते, तीही मिळाली तर. पण एकदा नाव पडलं की पडलं. घरात कुणी दुसऱ्यांदा वाढून घेतलं की लगेच माझ्याकडे बोट जायचं, "खादाडाचा वारा लागला वाटतं!" कुंडीत रुतलेल्याला ऐकून घेण्यावाचून गत्यंतर नसतं.

आज मला बघाल तर नाक मुरडाल. पानं काळी पडून मातीला चिकटली आहेत. कुंडीच्या कडेला मळकट शेवाळ आहे आणि खाली एक चिरलेली बशी. खिडकीच्या या फळीवर माझ्याशेजारी पूर्वी एक वाटी आणि एक चमचा असायचा. आता फळी मोकळी आहे. तिथं काय झालं तेच सांगायला बसलोय. घाई असेल तर जा, माझी काही हरकत नाही.

माझा जन्म एका रोपवाटिकेतला. वर काच, खाली ओल, आणि दिवसभर नळीनं पाणी मारणारा एक माळी. तो येणाऱ्याजाणाऱ्याला आमच्या कुळाची कथा ऐकवायचा. आमचे पूर्वज म्हणे चिखलाच्या, अगदी निकस जमिनीत राहायचे. पाणी उदंड, पण मातीत कस म्हणून नाही. तेव्हा त्यांनी दुसरी सोय बघितली, उडत्या किड्यांवर नजर वळवली. लोकांना वाटतं आम्ही माशांवरच जगतो. तसं नाही. पोट भरतं ते उन्हानं, इतर चार झाडांसारखंच. माशी म्हणजे आमच्या जेवणातलं मीठ. मिठाशिवाय चालत नाही, पण नुसतं मीठ कोण खातं?

रोपवाटिकेतल्या फळीवर आमचा गोतावळा मोठा होता. एकाची पानं सुरईसारखी उभी, पोकळ. काठावर गोडवा, आणि काठ असा गुळगुळीत की बसलेला किडा घसरलाच समजा. तळाशी पाणी असायचं, त्यात तो बुडायचा आणि सावकाश विरून जायचा. दुसऱ्याच्या पानांवर चकचकीत थेंब. दव समजून कुणी टेकलं की पाय चिकटले, मग ते पान त्याच्याभोवती हळूहळू वळायचं. त्या दोघांचं बरं होतं. कोण आलं, कोण गेलं, याची त्यांना पंचाईत नव्हती.

मला मात्र मोजावं लागतं. माझं पान म्हणजे मनगटाशी जोडलेले दोन तळवे. कडेला पापणीसारखे काटे, आतून लाल रंग, आणि प्रत्येक तळव्यावर दोनतीन बारीक केस. एका केसाला काही लागलं तर मी हलत नाही. धूळ असेल, पाण्याचा थेंब असेल. पण पाठोपाठ दुसऱ्यांदा लागलं की पान मिटतं. डोळ्याचं पातं लवतं ना, तसं.

तेवढ्यानं काम होत नाही. आधी मी सैल मिटतो, दोन हातांची बोटं गुंतवावीत तसा. चिमुकली मुंगी असली तर ती फटीतून निघून जाते, मी जाऊ देतो. मोठी माशी मात्र आत धडपडते. जितकी धडपडते तितके केस हलतात, तितका मी आवळत जातो. मग कडा घट्ट चिकटतात, आत रस सुटतो आणि माशीचा मऊ भाग त्यात विरघळतो. आठवड्याभरानं किंवा थोडं उशिरा पान उघडतं, तेव्हा वरचं टरफल आणि पंख उरलेले असतात. वारा ते घेऊन जातो.

यातली एक गोष्ट मला कधीच आवडली नाही. आत सापडलेली जी धडपडते तीच विरघळते. जी निपचित पडून राहते तिला मी एकदोन दिवसांत सोडून देतो. हलत नाही ते अन्नच नव्हे, अशी माझी घडण आहे. ती मी केलेली नाही.

आणखी एक. एकेका पानाच्या नशिबी तीनचार जेवणं. त्यानंतर ते थकतं, मिटायचं थांबतं आणि काळं पडतं. ते रुसलेलं नसतं, आजारीही नसतं. त्याचं झालेलं असतं. ही गोष्ट तेवढी लक्षात ठेवा.

माळ्यानं मला एका झाडंवाल्याच्या हातगाडीवर चढवलं. गाडीवर फुलझाडांचा रुबाब, आणि मी त्यांच्यात कोपऱ्यात. एके दिवशी एक म्हातारी काठी टेकत आली आणि माझ्यावर वाकली.

"हे काय रे, तोंड वासून बसलंय?"

"मावशी, हे झाड माशा खातं."

"झाड खातं? आणि त्याला खायला घालतं कोण?"

"कुणी नाही. आपलं आपण मिळवतं."

"म्हणजे पोरकंच की बिचारं," म्हातारी म्हणाली आणि मला पिशवीत घातलं. माझं नशीब तिथं ठरलं.

ही म्हातारी म्हणजे आमची आई. घरात तिला सगळे आईच म्हणायचे, म्हणून मीही. एका कारखान्याच्या फाटकासमोर तिची खानावळ होती. पाळी संपवून आलेले कामगार तिच्या बाकांवर बसायचे आणि ती वाढायची. तिचा एकच शब्द, "घे." पुढच्याचं पोट भरलं की नाही हे ती त्याला कधी विचारायची नाही, त्याच्या तोंडाकडे बघून ठरवायची. "माझ्या दारातून कुणी उपाशी गेलेलं नाही," हे मी तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की माझ्या मुळांनाही पाठ झालंय. पुढं गुडघ्यांनी संप केला, खानावळ बंद झाली, आणि ती मुलाकडे राहायला आली.

मुलाचं बॅटऱ्यांचं दुकान. पुढं दुकान, मागं दोन खोल्या. दुकानात फळ्यांवर गाड्यांच्या बॅटऱ्या ओळीनं मांडलेल्या, त्यांना लाल आणि काळ्या वायरी लावलेल्या, आणि चार्जिंगचा तो बुडबुड असा बारीक आवाज दिवसभर. हवेत ॲसिडचा आंबट वास. बॅटरीवाल्याच्या एकूणएक पँटला ॲसिडनं पडलेली भोकं. बायको म्हणायची, "यांना चाळणी शिवून दिली असती तरी चाललं असतं."

बॅटरीवाला कामात चिकट होता. गिऱ्हाईक म्हणायचं, ही मेली, नवी द्या. हा म्हणायचा, "मेलेली बॅटरी फार थोडी असते हो. बहुतेक उपाशी असतात. ठेवून जा, सावकाश चार्जिंगला लावतो. घेते की नाही बघू." आणि बऱ्याच बॅटऱ्या घ्यायच्या. भंगारात जाणारी बॅटरी उठून उभी राहिली की तो तिच्यावर थाप मारायचा. आईचा मुलगा शोभायचा अगदी.

त्या घरात माझे पहिले दिवस हालाचे गेले. आईनं आपल्या ताटातला उकडलेल्या अंड्याचा तुकडा माझ्या तोंडात सारला. ते पान चार दिवसांत सडून पडलं. तिनं नळाचं पाणी घातलं, तर माझी टोकं करपायला लागली. एकदा बॅटरीवाल्यानं कुंडीवर जमलेली पांढरी खपली नखानं खरवडली आणि म्हणाला, "आई, नळाच्या पाण्यानं बॅटरीच्या प्लेटांचं असंच वाटोळं होतं. याला आपलं डिस्टिल्ड वॉटर घाल." तेव्हापासून मी बॅटरीच्या कॅनमधल्या पाण्यावर जगलो.

मग आईनं मेलेली माशी चिमट्यानं माझ्या पानात ठेवून पाहिली. पान मिटलं. दुसऱ्या दिवशी उघडलं, तर माशी जशीच्या तशी. आई खो खो हसली. "अगं ए, इकडे ये," तिनं सुनेला हाक मारली. "हा बघ, गालात घास धरून बसलाय. माझा हा असाच करायचा लहानपणी. तासनतास गाल फुगवून बसायचा. मग मी काय करायची ठाऊक आहे? गालावरनं बोट फिरवायची. हळू. की गेला घास खाली!"

आणि तिनं तेच केलं. पुन्हा माशी ठेवली, पान मिटलं, आणि बाहेरून दोन बोटांनी ती मला अलगद चोळत राहिली. आतले केस हलले. मला वाटलं आतली जिवंत आहे. मी आवळलो, रस सुटला. फसवणूकच ती, पण इतक्या मायेनं मला कुणी कधी फसवलं नव्हतं.

गिऱ्हाइकांची फसवणूक वेगळी. बॅटरी तपासून होईपर्यंत उभ्या माणसाला चैन पडत नाही. कुणी पेनाचं टोक घालायचं, कुणी काडी, कुणी सरळ बोट. पान मिटलं की हसायचं, "घाबरलं बघ!" दर वेळी माझी ताकद खर्च व्हायची आणि हाती काही नाही. आईच्या लक्षात आलं तशी तिनं मला उचललं आणि मागच्या खोलीत खिडकीच्या फळीवर ठेवलं. "पानावर बसवून ताट न वाढण्यातला प्रकार आहे हा," ती गिऱ्हाइकाला तोंडावर म्हणाली. तिथं सकाळचं ऊन यायचं. तिची खाटही त्याच खिडकीला लागून होती.

त्या घरातला पहिला हिवाळा आला तेव्हा मी दरवर्षीप्रमाणे आवरतं घेतलं. थंडीत आमची जात झोपते. वरची पानं काळी पडतात आणि जीव मातीखालच्या एका लहानशा पांढऱ्या गड्ड्यात जाऊन बसतो. सुनेला वाटलं गेला. ती मला टाकून द्यायला निघाली. आई म्हणाली, "थांब." तिनं बोटानं माती उकरली, गड्डा पाहिला आणि माती परत सारखी केली.

"झोपलाय मेला. राहू दे त्याला. पाणी तेवढं ठेव."

"काही खायला घालायचं का?"

"छे गं! झोपलेल्याला उठवून वाढायचं नाही." मग ती खाटेवर बसून सांगायला लागली. खानावळीत रात्रपाळीचे लोक यायचे, ताट समोर येईपर्यंत बाकावरच डोळा लागायचा. तेव्हा ती त्यांना हलवायची नाही. ताटावर दुसरं ताट उपडं घालायची आणि त्यांच्या उशाशी ठेवून द्यायची. कितीही वेळ. "भुकेला माणूस झोपला ना, तर समजायचं त्याची झोप भुकेपेक्षा मोठी आहे," ती म्हणाली. सून खाली बसून ऐकत होती. बॅटरीवाला दुकानात होता.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी चांगला फोफावलो. आणि त्याच उन्हाळ्यात एका सकाळी चहा पिताना आईच्या हातातून कप सुटला. तो माझ्या बशीवर पडला, बशीला चीर गेली. आईचं तोंड एका बाजूला वाकडं झालं होतं, ती कपाकडे बघत राहिली. तिला वाकता येईना, बोलता येईना. मी सगळं बघत होतो आणि माझ्यात तर साधी हाक मारण्याचंही बळ नाही.

दवाखान्यातून ती परत आली तेव्हा उजवं अंग गेलेलं होतं. वाचाही गेली. फक्त एक शब्द उरला होता आणि तो कोणता ते तुम्ही ओळखलंच असेल. तहान लागली तरी "घे". दुखलं तरी "घे". खिडकी लावायची असली तरी "घे". घरचे लोक तिच्या डोळ्यांवरून अर्थ लावायचे.

बॅटरीवाल्यानं भरवायचं काम स्वतःकडे घेतलं. बायको म्हणाली, मी करते, तुमचं दुकान आहे. त्यानं ऐकलं नाही. सकाळी शटर उचलायच्या आधी, दुपारी आणि संध्याकाळी तो हात दोनदा धुवायचा, ॲसिडचा वास जाईपर्यंत, आणि वाटी घेऊन खाटेच्या कडेला बसायचा. बटाटा कुस्करून दुधात कालवलेला, नाहीतर पातळ सूप.

"आई, आ कर."

ती वाटीकडे बघायची, मग त्याच्याकडे. डाव्या हातानं चमचा हळूच त्याच्याच तोंडाकडे लोटायची. "घे."

"मी जेवलोय आई. तू खा."

तो जेवलेला नसायचा. मला ते कळायचं, कारण त्याच्या बायकोनं झाकून ठेवलेलं ताट संध्याकाळी तसंच परत जायचं. आईला तर कळायचंच. जन्म तिनं त्यातच घालवला होता.

पुढं पुढं ती घास तोंडात घ्यायची आणि गालात धरून बसायची. बॅटरीवाला हवालदिल झाला. एकदा असाच बसलेला असताना त्याची नजर माझ्याकडे गेली. त्यानं वाटी खाली ठेवली आणि आईच्या गालावरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा. घास खाली गेला. त्याचे डोळे भरून आले. "गेला! अगं, गेला!" असं ओरडत तो आतल्या खोलीत पळाला. त्या दिवशी मला दोन माशा मिळाल्या.

तेव्हापासून ही रीतच झाली. आईनं घास गिळला की तो खुशीनं मला माशी घालायचा. तिनं तोंड मिटून घेतलं की तो हिरमुसायचा आणि मग निदान मी तरी खाल्लं पाहिजे म्हणून मला घालायचा. दोन्हीकडून मरण माझं. दुकानातल्या दिव्याखाली मेलेल्या माशा तो डबीत गोळा करायचा. एक पान मिटवायचा, चोळायचा, दुसऱ्याकडे वळायचा. तो काय करत होता ते मला समजत होतं. एवढ्याशा खोलीत कुठंतरी काहीतरी त्याच्या हातून पोटात जायला हवं होतं.

पावसाळा सरला, दिवस आखूड झाले. आईला दुसरा झटका आला, आधीच्यापेक्षा हलका, पण तिच्या अंगात काही शिल्लक नव्हतं. आता ती बहुतेक वेळ झोपून असायची. गालावरून बोट फिरवलं तरी घास तिथंच राहायचा. कधी ठसका लागायचा, चेहरा निळसर व्हायचा, मग ताप. आठवड्यातून दोनदा एक नर्सबाई यायच्या, पाठीच्या जखमा धुवायच्या. त्यांनी एकदा वाटी बाजूला सारली.

"दादा, आता पुरे करा. यांचं शरीर घेत नाहीये. तुम्ही भरवता ते छातीत उतरतंय. ताप त्याचाच आहे."

"मग काय करू? उपाशी मारू का तिला?"

"भूक लागत असती तर त्यांनी तोंड उघडलं असतं. ओठ ओले ठेवा. जवळ बसा."

"बाई, ही बाई कोण आहे ठाऊक आहे तुम्हाला?" त्याचा आवाज चढला. "अख्ख्या कारखान्याला जेवायला घातलंय हिनं. हिच्या दारातून कुत्रंसुद्धा उपाशी गेलेलं नाही. आणि हीच माझ्या घरातून उपाशी जाणार?"

नर्सबाईंनी आईचे केस सारखे केले आणि पिशवी उचलली. त्या गेल्यावर बायको दारात उभी राहून हळूच म्हणाली, "अहो, तुम्हीच गिऱ्हाइकांना सांगता ना, प्लेटा गेल्या की कितीही लावा, बॅटरी घेत नाही. नुसती तापते."

"आई बॅटरी आहे का?" तो इतक्या जोरात ओरडला की आईनं डोळे उघडले. मग त्यालाच शरम वाटली. तो वाटी घेऊन बसला, आणि त्या दिवशीही त्यानं भरवलं. ठसका लागला. तापही आला.

खरं सांगू, माझा फार जळफळाट झाला. माझ्या अंगावर त्या वेळी थकलेली पानं होती, आपापली जेवणं संपवलेली. तोंडं उघडी होती, पण मिटायची नाहीत. एका झाडाजवळ याहून स्पष्ट बोलणं काय असणार? पण त्याला ते दिसत नव्हतं. एका दुपारी आईनं सलग तिसऱ्या वेळी तोंड फिरवलं, तेव्हा त्यानं डबीतली सगळ्यात मोठी माशी काढली आणि माझ्या सगळ्यात जुन्या पानात घातली. पान अर्धवट मिटलं. तो चोळत राहिला. चोळत राहिला. कडा जुळेनात. रस सुटेना. "घे ना," तो मला म्हणत होता, "घे ना रे." त्याचा आवाज ऐकवत नव्हता.

माशी आतच सडली. दोनतीन दिवसांत खोलीत घाण वास सुटला. पान काळं पडलं, काळपटपणा देठातून खाली उतरला आणि बाजूच्या पानांनाही लागला. तशात थंडी पडली. एका सकाळी वाटी घेऊन आलेल्या बॅटरीवाल्यानं मला पाहिलं आणि तो तसाच उभा राहिला.

"यालाही मीच मारलं," तो म्हणाला.

बायकोनं येऊन पाहिलं. "पिच्छाच पुरवलात तुम्ही त्याचा," ती म्हणाली, पण तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिनं आईनं केलं होतं तसंच बोटानं माती उकरली. वरची काळी पानं बाजूला झाली आणि खाली माझा गड्डा, सुपारीपेक्षा लहान, तिच्या नखाला लागला. "आहे अजून," ती म्हणाली. "झोपलाय. आई म्हणाल्या होत्या, थंडीत झोपतो हा. मी तेव्हा विचारलं होतं, याला काही घालायचं का? तर म्हणाल्या..."

तिची नजर खाटेकडे गेली. तिथं आईचा श्वास संथ चालला होता, तोंड किंचित उघडं.

"काय म्हणाली?" त्यानं विचारलं.

"झोपलेल्याला उठवून वाढायचं नाही, म्हणाल्या. खानावळीत कुणी झोपलं तर ताट झाकून उशाशी ठेवायच्या. तुम्हाला आठवत असेल."

त्याला आठवत होतं. लहानपणी त्याच बाकांमधून तो हिंडला होता. तो बराच वेळ वाटीकडे बघत राहिला. मग त्यानं एक बशी घेतली, वाटीवर उपडी घातली आणि ती आईच्या उशाशी ठेवली. इतकी हळू, की आवाज होऊ नये.

तरी आईनं डोळे उघडले. झाकलेल्या वाटीकडे पाहिलं. मग मुलाकडे, त्याच्या आत गेलेल्या गालांकडे. डावा हात पांघरुणाबाहेर आला आणि वाटी त्याच्याकडे सरकवायला लागला. ताकद नव्हती, बोटं नुसती बशीला लागून राहिली.

"घे," ती म्हणाली.

"मी जेवलोय," असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं, पण ते त्याच्यानं बोलवेना. त्यानं बशी उचलली आणि दुधात कालवलेला तो थंडगार बटाटा स्वतः खाल्ला. रडत रडत, नाक पुसत, चमच्यानं वाटीचा तळ खरवडेपर्यंत. आई त्याच्या तोंडाकडे बघत होती. बाकावर बसलेल्या शेवटच्या गिऱ्हाइकाकडे बघावं, तशी. वाटी रिकामी झाली तेव्हा तिनं डोळे मिटले.

त्यानंतर त्या खोलीत कुणी कुणाला भरवलं नाही. तो आपलं ताट घेऊन खाटेजवळ बसायचा आणि तिच्यासमोर जेवायचा. मधूनच कापूस ओला करून तिच्या ओठांवरून फिरवायचा, माझ्याच कॅनमधल्या पाण्यानं. उशाशी झाकलेली वाटी रोज असायची. ठसका थांबला, ताप उतरला. नर्सबाई आल्या, त्यांनी वाटी पाहिली, बशी उचलून आत डोकावून पाहिलं आणि वाटी परत झाकून ठेवली. असे थोडे दिवस गेले. मग एका सकाळी ऊन तिच्या चेहऱ्यावर आलं तरी तिनं मान फिरवली नाही.

माणसं आली, गेली. खाट उचलली गेली. संध्याकाळी खोलीत दोघंच उरली तेव्हा बॅटरीवाल्यानं ते विचारलंच.

"उपाशी गेली का गं ती?"

बायको म्हणाली, "त्यांच्या दारातून कुणी उपाशी गेलं नाही. तुम्हीसुद्धा नाही."

तो भिंतीकडे तोंड करून बसला. मला त्याची पाठ दिसत होती.

आता थंडी ऐन भरात आहे. खोलीत मी एकटाच असतो. दुकानातून बुडबुड ऐकू येते, गिऱ्हाइकांचे आवाज येतात. परवा तो एका म्हाताऱ्याला सांगत होता, "आजोबा, हिला आता लावू नका चार्जिंगला. पुष्कळ चालली ही. न्या घरी." आवाज मऊ होता. पूर्वी तो असं कधी बोलला नसता.

रोज सकाळी शटर उचलायच्या आधी तो इकडे येतो आणि चिरलेल्या बशीत पाणी ओततो. चिरेतून थोडं गळतं, फळी ओली होते, तरी बशी बदलत नाही. माशांची डबी त्यानं फेकून दिली. एकदोनदा त्याचं बोट माझ्या काळ्या पानांपर्यंत आलं, गालावरून फिरवायला यावं तसं. पण मध्येच थांबलं आणि मागे गेलं. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जे असतं ते बघवत नाही. मला वाटतं त्याला सांगावं, बाबा रे, तू चुकलास ते मायेनं चुकलास. पण झाडाचं बोलणं पानातून होतं आणि माझी पानं आत्ता नाहीत.

मी उठेन की नाही, मला ठाऊक नाही. त्या दिवसांत माझी ताकद फार खर्ची पडली. गड्डा अजून पांढरा आहे, पण तो आतून मऊ लागतो की टणक, हे वसंताशिवाय कुणी सांगू शकत नाही. ऊन तापलं आणि मातीतून एखादं कोवळं टोक वर आलं, तर तुम्हाला कळेलच. तोवर माझं एवढंच मागणं आहे. माती उकरून बघू नका, पानांत काडी घालू नका, माशी आणू नका. पाणी आहे, सकाळचं ऊन आहे आणि शेजारी कुणीतरी येऊन उभं राहतं. मला भूक नाही.

आणि नाहीच उठलो, तर या खिडकीपाशी उभं राहून त्याला कुणीतरी सांगा: खादाड उपाशी गेला नाही.